छताचं हँडल काढायला घेतलेला ट्रिम टूलचा सेट, सात महिने वापरून झाल्यावर

गाडीत दाराच्या वर छताला जे दुमडणारं हँडल असतं ना, बसताना उतरताना धरायचं, त्यातलं एक काढायला म्हणून मी हा ट्रिम टूलचा, म्हणजे गाडीच्या आतली प्लास्टिकची झाकणं आणि पॅनल न मोडता काढायच्या हत्यारांचा, सेट घेतला. अकरा नग आहेत, पाच प्लास्टिकच्या पट्ट्या, चार बारीक लोखंडी आकडे, एक क्लिप काढायची पक्कड आणि एक लोखंडी दुबेळकं. सात महिन्यांत माझ्या गाडीची तिन्ही हँडलं, मित्राच्या गाडीची दोन आणि एका जुन्या व्हॅनचं एक अशी काढून परत बसवून झाली, शिवाय दोन दारांचे पॅनल आणि डिकीचं आतलं झाकण, त्यामुळे आता छातीठोकपणे लिहू शकतो. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येतंच.

आधी हँडल काढायची वेळ का आली ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे हँडल म्हणजे नुसती शोभेची वस्तू. आमच्या घरी तसं नाहीये. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यांची गाडीत बसायची ठरलेली पद्धत आहे, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर आधी पाठ करून टेकायचं, मग वरचं हँडल धरून अंग फिरवायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, म्हणजे अर्धा भार त्या हँडलवरच येतो. त्या हँडलची स्प्रिंग गेली होती, सोडलं की वर जायचं नाही, लोंबत राहायचं. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर तिथल्या माणसाने स्क्रू ड्रायव्हरला चिकटपट्टी गुंडाळली, झाकणात घातला आणि जोर लावला. झाकणाचा कान तुटला, शेजारच्या कापडावर खळगा पडला, आणि मग कुठलासा गोंद लावून ते झाकण परत दाबून दिलं आणि सांगितलं की आता हलणार नाही. चार दिवसांत हँडलचं एक टोक बोटभर खाली आलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त मागच्या सीटवर बसायला लागले. विचारलं तर म्हणाले, "अरे, मागे पाय पसरायला बरं पडतं." मला खरं कारण कळायला आठवडा गेला आणि ते कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. त्या दिवशी ठरवलं की आता हे काम आपण शिकून, नीट हत्यार आणून, आपल्या हातानेच करायचं.

आता हँडल बसलेलं कसं असतं ते समजलं की हे हत्यार कशाला लागतं ते आपोआप कळतं. साधारण दोन तऱ्हा आहेत. जुन्या गाड्यांत आणि बऱ्याच मोठ्या गाड्यांत हँडलच्या दोन्ही टोकांना छोटं झाकण असतं, ते उघडलं की आत स्क्रू किंवा बोल्ट दिसतो, तो काढला की हँडल हातात. दुसरी तऱ्हा, जी माझ्या गाडीत आहे आणि हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत असते, तिच्यात स्क्रू नसतोच. हँडलच्या दोन्ही पायांना पोलादी चाप असतो, छताच्या पत्र्यात चौकोनी भोक असतं त्यात तो चाप शिरतो आणि त्याचे कान आत जाऊन फाकतात. मग ते कान परत मिटू नयेत म्हणून मधे प्लास्टिकची पाचर ठोकलेली असते. आपल्याला बाहेरून जे झाकण दिसतं ना, तीच पाचर असते. म्हणजे झाकण दिसायला चिमुकलं पण माणसाचा सगळा भार पेलणारं कुलूप तेच. पाचर ओढली की कान मिटतात आणि हँडल सरळ खाली येतं. पाचर आत असताना हँडलला कितीही हिसके दिले तरी ते यायचं नाही, उलट पत्रा वाकेल नाहीतर हँडल मोडेल. आणि हे झाकण हँडल वर दुमडलेलं असताना दिसतसुद्धा नाही, हँडल खाली ओढून धरलं तरच बिजागरीच्या खाचेत ते दिसतं, त्यामुळे बरेच जण भलतीकडेच पट्टी घालून बसतात.

इथेच या सेटमधली सगळ्यात रुंद चपटी पट्टी कामाला येते. तिचं टोक एखाद्या प्लास्टिक कार्डाएवढं पातळ आहे आणि पुढे हळूहळू जाड होत जातं, म्हणजे फटीत सहज शिरते आणि मग नुसती पुढे सरकवली तरी तीच पाचरीसारखी काम करते, उचकटायला लागतच नाही म्हटलं तरी चालेल. झाकणाच्या कडेला एक बारीक खाच असते, नखाएवढी, तिथे टोक ठेवायचं, आत ढकलायचं आणि मनगट किंचित फिरवायचं. पहिल्यांदा झाकण थोडं बाहेर येऊन अडकतं, तेव्हा घाबरू नका, काही गाड्यांत ते तेवढंच येतं आणि तिथेच थांबतं, तेवढ्यावरच चाप मोकळा होतो, तर काहींत पूर्ण हातात येतं. माझ्या गाडीत पूर्ण येतं. गॅरेजवाल्याने ज्याच्यासाठी एवढा जोर लावला ते झाकण या पट्टीने दोन बोटांच्या जोरात निघालं, मला स्वतःलाच खरं वाटेना.

चिकटपट्टी गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर का नको हेही इथेच सांगतो कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. पट्टी गुंडाळली की टोक जाड होतं, मग ते फटीत जात नाही, मग आपण जोर लावतो, मग पोलादाची कड पट्टी फाडून बाहेर येते आणि थेट प्लास्टिकवर बसते. पोलादापुढे झाकणाचं प्लास्टिक टिकणारच नाही. नायलॉनच्या पट्टीचं उलटं आहे, जोर जास्त झाला तर आधी पट्टी वाकते, गाडीचं काही बिघडत नाही. मला या सेटचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो.

पण पट्टी प्लास्टिकची आहे म्हणून कापडाला काही होणार नाही असं समजू नका. छताचं कापड हे नुसतं कापड नसतं, खाली पातळ फोम असतो आणि त्याच्या खाली साच्यात दाबून केलेला कडक बोर्ड. पट्टीची टाच त्या बोर्डावर टेकवून जोर दिला की तिथे खळगा पडतो आणि तो काही केल्या भरत नाही. मी एक जुनं मुदत संपलेलं प्लास्टिक कार्ड कापडावर ठेवून त्याच्यावर पट्टी टेकवतो, एकही डाग नाही की खळगा नाही. हात मात्र साबणाने धुऊनच घ्या, फिकट रंगाच्या कापडावर बोटांचे डाग असे बसतात की नंतर घासलं तर फोम सुटायला लागतो.

आता एअरबॅगबद्दल, आणि हा भाग कृपा करून कोणी गाळून पुढे जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत दारांच्या वर, छताच्या कापडाच्या आत, पुढून मागेपर्यंत एक लांब गुंडाळलेली पडद्याची एअरबॅग असते. असल्या पडदा एअरबॅग १९९८ च्या आसपास टोयोटा आणि व्होल्वोच्या गाड्यांत यायला लागल्या आणि नंतर सगळीकडे पसरल्या, म्हणजे त्याआधीची गाडी असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही, पण त्यानंतरची असेल तर दारांमधल्या खांबांच्या प्लास्टिकवर, वरच्या बाजूला एअरबॅग अशी उठावाची अक्षरं आहेत का ते आधी बघा. असतील तर हँडलच्या अगदी मागून किंवा वरून ती बॅग जाते असं धरून चाला. धडक बसली की ती सेकंदाच्या काही शतांश भागात भरून खाली येते, पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो, मग ती चुकून सुटली तर आपलं तोंड आणि हात बरोबर तिच्या वाटेत असतात.

म्हणून मी काय करतो, गाडी बंद, किल्ली बाहेर, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला, आणि मग थांबायचं. थांबायचं अशासाठी की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढली तरी त्याच्यात थोडा वेळ चार्ज राहतो, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून तशी सोयच केलेली असते. किती थांबायचं ते प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं, कुठे दीड मिनिट, कुठे तीन मिनिटं, कुठे त्याहून जास्त. मी सरळ दहा मिनिटं थांबतो, तेवढ्यात पट्ट्या आणि कार्ड काढून ठेवतो. कोणी म्हणेल नुसतं हँडल तर काढायचंय, कुठल्या वायरीला हात लावायचा नाहीये, मग एवढं कशाला. बरोबर आहे, पुष्कळ जण बॅटरी न काढताच हँडल काढतात. पण माझं म्हणणं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, परत जोडल्यावर फार तर घड्याळ लावावं लागतं आणि एखाद्या गाडीत काचा आपोआप वर जायचं सेटिंग परत करावं लागतं, रेडिओला कोड लागत असेल तर तो मात्र आधीच शोधून ठेवा.

आणि याच कारणासाठी सेटमधले ते चार लोखंडी आकडे छताच्या भोकात घालू नका. टोकं सुईसारखी आहेत. एअरबॅगच्या कापडाला एक बारीकसं छिद्र पडलं तर बाहेरून कधीच दिसणार नाही, आणि कळायची वेळ येईल ती अपघाताचीच. सेटबरोबर एका ओळीची सूचनासुद्धा नाहीये, ना एअरबॅगबद्दल, ना कुठली पट्टी कशाला. एक स्टार मी त्याच्यासाठी कापला. ज्या वस्तूच्या पाकिटावर गाडीच्या छताचं चित्र छापलंय तिच्यात ही एवढी गोष्ट लिहायला हवी होती, चार ओळींचा कागद टाकला असता तरी पुरलं असतं.

तर पहिलं हँडल. बाबा स्वतःच मदतीला आले, स्टूल घेऊन दारात बसले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त हँडल खाली ओढून धरा, बाकी मी बघतो." स्प्रिंग गेलेली असल्यामुळे ते तसंही खालीच होतं, पण चांगल्या हँडलला हा त्रास होतो, एका हाताने ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने पट्टी चालवायची, हात सुटला तर हँडल फटकन पट्टीवर बसतं. एकटे असाल तर हँडल आणि छत यांच्या मधे एखाद्या फडक्याची घट्ट गुंडाळी करून अडकवा, हात मोकळे राहतात. गोंद लावलेलं झाकण मात्र सरळ आलं नाही, केस वाळवायचा ड्रायर कमी गरमवर ठेवून लांबूनच थोडा वेळ मारला, गोंद मऊ झाला, मग अरुंद पट्टीने कडेकडेने सोडवत आणलं. बाबा सारखे म्हणत होते, "हळू रे, कापड फाटेल." दुसऱ्या टोकाचं झाकण अख्खं होतं, ते आलं लगेच.

आता ज्या ठिकाणी मी चुकलो ते सांगतो. झाकणं निघाल्यावर हँडल दोन्ही हातांनी धरून सरळ खाली ओढायचं असतं, एक टोक आधी आणि दुसरं नंतर असं तिरकं ओढायचं नाही. मी एक टोक आधी ओढलं. हँडल आलं पण पोलादी चाप हँडलबरोबर न येता पत्र्याच्या भोकातच राहिला आणि मी तो बोटाने काढायला गेलो तर आत पडला, कापड आणि पत्र्याच्या मधे. काळजात धस्सच झालं, कारण आता तो गाडीभर खुळखुळत राहणार, आणि शिवाय तिथे एअरबॅग. तास गेला. शेवटी लांब दांडीचं, टोकाला चुंबक असलेलं ते हत्यार असतं ना, अँटेनासारखं लांब होणारं, ते भोकातून हळूच घातलं आणि आतल्या आत न ढकलता नुसतं फिरवलं, तिसऱ्या फेरीत टक्क आवाज आला आणि चाप चिकटून बाहेर. चाप पोलादाचा असतो म्हणून हे जमलं. हे चुंबक या सेटमध्ये नाही, पण सेट मागवाल तेव्हा तेही घेऊन ठेवा, माझं ऐका.

तेव्हापासून मी चाप भोकात राहिला तर बोट लावतच नाही. सेटमधली क्लिपची पक्कड इथे चांगली चालते, तिची तोंडं वाकडी आणि चपटी आहेत, दोन्ही कान बाहेरच्या बाजूने धरून दाबले की चाप मिटतो आणि पकडीतच राहून बाहेर येतो. खरं तर ही पक्कड दाराच्या पॅनलच्या क्लिपांसाठी आहे, छतासाठी जरा मोठी पडते, पण हे एक काम ती फार छान करते.

नवीन हँडल मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्याच्या मागच्या बाजूला प्लास्टिकमध्येच पार्ट नंबर उठवलेला असतो, तो बघून मागवा, नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगून नको. पुढचं आणि मागचं हँडल दिसायला सारखं असलं तरी मागच्याला कपडे अडकवायचा हूक असतो, डावं उजवं पण पुष्कळदा वेगळं, कारण एका बिजागरीत स्प्रिंग असते आणि दुसरीत डँपर, घट्ट सिलिकॉन ग्रीस भरलेली छोटीशी नळी, जिच्यामुळे हँडल सोडल्यावर हळूच वर जातं. हँडल फटकन आपटत असेल तर डँपर गेला समजायचं, लोंबत असेल तर स्प्रिंग. डँपर गेला तरी हँडल भार घेतं, तेव्हा आवाजाचा त्रास नसेल तर बदलायची काही घाई नाही.

बसवताना क्रम उलटा, पण एक फरक आहे. चाप आधी हँडलच्या पायांवर बसवायचे, भोकात नाही. मग दोन्ही पाय भोकांसमोर धरून तळहाताने एकदम वर दाबायचं, दोन्हीकडून कट्ट असा आवाज यायला हवा. मग पाचरीची झाकणं. झाकण शेवटपर्यंत गेलं नाही, थोडं जरी वर राहिलं तरी समजायचं की आतला चाप पूर्ण बसलेला नाही, ते ठोकून आत घालू नका, हँडल परत काढा आणि परत दाबा. माझं दुसऱ्या टोकाचं झाकण असंच केसभर वर राहत होतं, तीन वेळा काढलं तेव्हा बसलं. मग आधी हाताने ओढून बघितलं, मग दोन्ही हातांनी, मग मी स्वतः त्याला धरून सीटवरून अंग उचललं, आणि मगच बाबांना म्हटलं, या. ते पाठ करून टेकले, हँडल धरलं, फिरले, पाय आत घेतले आणि काही न बोलता सीटबेल्ट लावला. मला तेवढं पुरलं.

मित्राची गाडी स्क्रूवाल्या तऱ्हेची निघाली. त्याला मागच्या काचेवर डॅशकॅम लावायचा होता म्हणून एका बाजूची दोन हँडलं काढली. तिथे झाकणं बिजागरीसारखी उघडतात, पूर्ण निघत नाहीत, आणि त्यांचा सांधा कागदाएवढा पातळ असतो, त्यामुळे रुंद पट्टी नको, सगळ्यात अरुंद, वाकड्या टोकाची पट्टी घ्या आणि झाकण मोकळ्या बाजूने उचला. कुठली बाजू मोकळी ते टॉर्च तिरका मारून बघितलं की कळतं, खाच तिकडेच असते. आत स्टार स्क्रू होते. स्टारचे बिट या सेटमध्ये नाहीत, ते वेगळे लागतील. टॉर्क्स म्हणतात त्यालाच, १९६७ साली निघालेली रचना, सहा पाकळ्यांची, जोर सगळ्या पाकळ्यांवर वाटला जातो म्हणून डोकं लवकर झिजत नाही, पण माप बरोबर असेल तरच. टी २० चा बिट टी २५ च्या स्क्रूत सैल का होईना पण जातो, फिरतोसुद्धा, आणि एक दिवस पाकळ्या खाऊन टाकतो. टी २५ म्हणजे टोकाला टोक साधारण साडेचार मिलिमीटर, टी २० चार मिलिमीटरच्या आतलं. आधी मोठा लावून बघा, जात नसेल तरच त्याच्या खालचा. ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली, तर अजिबात घालू नका. आणि स्क्रू हरवला तर हाताला लागेल तो लांब स्क्रू लावू नका, मागे एअरबॅग आणि वायरी आहेत, कंपनीच्या स्क्रूची लांबी बघूनच ठरवलेली असते.

डॅशकॅमची वायर नेताना आम्ही थोडं थांबून विचार केला आणि ते बरं झालं. वायर कापडाच्या कडेने खुपसत नेली तर ती एअरबॅगच्या पुढून जाते, म्हणजे बॅग उघडताना वायर तिच्यात अडकणार. वायर बॅगच्या मागून, गाडीच्या मूळ वायरींच्या बरोबर बांधून न्यायची असते. हँडल काढल्यामुळे कापड दोन बोटं खाली आलं, आत बघता आलं, आणि रुंद पट्टीने कापड तेवढंच धरून ठेवून वायर मागून सरकवता आली. तुम्हाला आत नीट दिसत नसेल तर ही वायर त्यातल्या जाणकाराकडूनच टाकून घ्या.

व्हॅनचं हँडल अगदी सोपं होतं, दोन टोपणं, दोन बोल्ट, दहा नंबरचा पाना, एअरबॅग नाही. पण टोपणं उन्हाने इतकी वाळली होती की पट्टी टेकवायच्या आत एक तडकलं. जुनं प्लास्टिक असेल आणि त्यातून थंडीचे दिवस असतील तर आधी ड्रायरने कोमट करून घ्या, मग लवतं. बोल्टवर गंज होता, आटे साफ करून हातानेच आधी चार फेरे बसवले आणि मगच पाना लावला, पत्र्यातले आटे एकदा गेले की हँडलला काही अर्थ राहत नाही.

आता सेटच्या मालाबद्दल. पाच पट्ट्यांपैकी मी सतत वापरतो त्या दोन, रुंद चपटी आणि अरुंद वाकडी. तिसरी, व्ही खाचेची, दाराच्या पॅनलच्या क्लिपांना छान, छताला तिचं काही काम नाही. उरलेल्या दोन जवळपास सारख्याच आहेत, असल्या नसल्या तरी चालेल. पट्ट्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या आहेत असं पाकिटावर लिहिलंय आणि वापरून तरी ते पटतं, कारण याआधी माझ्याकडे एक स्वस्तातला सेट होता, त्याच्या पट्ट्या वाकवल्या की वाकल्या जागी पांढरी रेघ उमटायची आणि दुसऱ्या तिसऱ्या वेळी तिथेच तुटायच्या. या पट्ट्या वाकतात आणि परत सरळ होतात. विकत घेताना हातात घेऊन बघायची संधी असेल तर हेच करून बघा, हलकेच वाकवा, पांढरी रेघ आली तर परत ठेवून द्या.

एक दोष मात्र आहे, नव्या पट्टीच्या कडेला साच्याची बारीक धार राहिलेली असते. माझ्या अरुंद पट्टीला होती आणि तिने पहिल्याच दिवशी झाकणावर केसासारखा ओरखडा काढला. चारशे नंबरचा पॉलिश पेपर दोन मिनिटं फिरवला आणि धार गेली. सेट आला की आधी सगळ्या कडांवरून बोट फिरवून बघा. वापरून वापरून टोकाला खरखर आली की तेव्हाही हाच उपाय.

लोखंडी दुबेळकं मी छतासाठी एकदाही वापरलं नाही आणि तुम्हीही वापरू नका, ते चाकावरच्या मडगार्डच्या क्लिपांना ठीक आहे. आकडे फक्त टेबलावर वापरतो, काढलेल्या हँडलमधून तुटकी स्प्रिंग बाहेर काढायला त्यातला नव्वद अंशाचा आकडा अगदी बरोबर बसला. पिशवी पातळ आहे, चेन दुसऱ्या महिन्यात गेली, मी सगळं एका डब्यात ठेवलंय.

ज्यांना नुसतं एक हँडल काढायचंय आणि परत कधी हे करायचं नाहीये त्यांना अकरा नगांची गरज नाही, एक रुंद पट्टी सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्या, तिच्याबरोबर चुंबकाची दांडी, जुनं कार्ड आणि स्क्रूवालं हँडल असेल तर स्टार बिट. पण छताचं सगळं कापड उतरवायचं असेल, म्हणजे हँडलं, सनव्हायजर, मधला दिवा, खांबांची प्लास्टिकं आणि दाराची रबरं, तर पूर्ण सेट घ्या. आणि तेव्हा सगळी हँडलं एकदम काढू नका, कापडाचा बोर्ड बऱ्याच प्रमाणात त्यांच्यावरच टांगलेला असतो, शेवटची दोन हँडलं राहू द्या आणि कोणीतरी बोर्ड खालून धरल्यावरच ती काढा, नाहीतर बोर्ड मधेच वाकून त्याला कायमची घडी पडते.

मागच्या आठवड्यात अरुंद पट्टीचं टोक मोडलं, डिकीच्या झाकणाची एक गंजलेली क्लिप होती तिच्यावर. रुंद पट्टी अजून जशीच्या तशी आहे. बाबांच्या बाजूचं हँडल दर पंधरा दिवसांनी ओढून बघतो, झाकणं जागेवर बसलेली आहेत का ते बोटाने चाचपतो. काल मागच्या सीटवरचं हँडल बसवून झालं तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या बाजूला का नाही रे एक?" ड्रायव्हरच्या वर आमच्या गाडीत हँडल नाहीच, पण तिथे दोन छोटी झाकणं आहेत, पट्टीने उचलून बघितली तर आत तशीच दोन चौकोनी भोकं. मॅन्युअलमध्ये त्या जागी हँडल चालतं का ते आता बघायचंय.